छायाचित्र सुधारण्यापूर्वीं



१९२५ सालीं सुरू झालेल्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमुळें आमचें नाशिक रोड देशभर ठाऊक आहे. पोस्टाच्या तिकिटांप्रमाणेंच पासपोर्टाच्या पुस्तिकाही तेथें छापल्या जातात. पासपोर्टावरील छायाचित्रांत चेहऱ्याचा फेरफार चालत नाहीं. कारण सुंदर दिसणें हें त्या चित्राचें काम नव्हे, माणूस ओळखूं येणें हें होय. घरच्या छायाचित्रांनाही मी हाच न्याय लावूं इच्छितों. आपल्या पणजीस ज्यांनीं पाहिलें नाहीं, त्यांना तिची ओळख त्या चित्रावरूनच व्हावयाची असते.

पहिली गोष्ट ही कीं, मूळ फाइलीस हात लावूं नये. तिची प्रत काढून त्या प्रतीवर काम करावें. नेहमींच्या जेपेग प्रकारांत फाइल बदलून पुन्हा जतन केली कीं दर वेळीं थोडा बारकावा गळतो. कॅमेऱ्यांत ‘रॉ’ची सोय असल्यास महत्त्वाचें चित्र त्या प्रकारांत घ्यावें. जेपेगमध्यें प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर चौदा बिटांच्या रॉ फाइलींत १६,३८४. म्हणून काळोखांत बुडालेला चेहरा तींतून पुष्कळदां वर काढतां येतो. अतिप्रकाशानें जो भाग निव्वळ पांढरा झाला, त्यांत मात्र कांहींच उरलेलें नसतें.

त्यानंतर चित्र सरळ करावें, उजेड बसवावा व मग रंगाकडे वळावें. रंगाचें काम सर्वस्वीं यंत्रावर सोंपवूं नये. हळदीच्या समारंभांतील पिवळेपणा यंत्रास दोष वाटतो व तें नवरीची हळदच उतरवूं पाहतें! अशा वेळीं हळद न लागलेलें पांढरें वस्त्र किंवा एखादी करडी वस्तु दाखवून रंग जुळवावा. ४ बाय ६ इंची छापील प्रतीस, इंचास ३०० ठिपके या हिशोबानें, १२०० बाय १८०० पिक्सेल पुरतात. हा आकार ठरल्यावर रेषा ठळक करणें, हें अगदीं शेवटचें काम.

जुनें चित्र स्कॅन करण्यापूर्वीं त्यावरील धूळ मऊ कुंचल्यानें झाडावी. डाग काढण्याचें साधन मात्र आपोआप चालूं देऊं नये. कागदावरील बुरशीचा ठिपका व पणजीच्या कपाळावरील गोंदण यांतील फरक त्यास कळेलच असें नाहीं. तो घरांतील वडीलधाऱ्यांस विचारावा, आणि ते आहेत तोंवरच विचारावा. तिचा वर्ण उजळविण्याचा मोह तर कटाक्षानें टाळावा. दोष कागदाचा असेल तो काढावा; खूण माणसाची असेल ती राखावी.