उभे राहायला शिकले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही भाषण करणारी बाई नव्हे. शिक्षण सातवीपर्यंत, आणि बोलायचा सराव म्हटला तर भाजीवाल्याशी. पण गेल्या महिन्यात सेक्रेटरीबाईंनी मला गच्चीवर हात फिरवताना पाहिले आणि 'आपल्या मंडळात याचा वर्ग सुरू करा' म्हणून पाठच धरली. मी नाही म्हटले. का नाही म्हटले ते तुम्हीच सगळ्याजणींना सांगा, असा त्यांनी हुकूम केला, म्हणून उभी आहे.

आमच्या यांची २०१५ साली हाँगकाँगला बदली झाली. तीन वर्षे आम्ही तिथे काउलून भागात होतो. पहिल्याच पावसाळ्यात बाजाराची पिशवी घेऊन येताना मी जिन्यावरून घसरले नि उजवे मनगट मोडले. हाड जुळले, पण भीती काही जाईना. जिना दिसला की कठडा शोधायचा, ओली फरशी दिसली की भिंत धरायची. अडतिसाव्या वर्षी म्हातारी झाले म्हणा ना!

शेजारच्या बिऱ्हाडात एक चिनी बाई होत्या. त्यांचे इंग्रजी मोडके, माझे त्याहून मोडके. एके दिवशी पहाटे त्या मला काउलून पार्कमध्ये घेऊन गेल्या. भर वस्तीतली मोठी बाग, तळ्यात रोहित पक्षी. तिथे झाडाखाली दहाबारा माणसे अगदी सावकाश हात फिरवत होती. तेच ताइ ची. पुरे नाव ताइ ची छ्वान. छ्वान म्हणजे मूठ. दिसायला कितीही शांत असली, तरी ती मुळात लढायची विद्या आहे.

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, ठेंगण्या, पायात कापडी बूट. त्यांना सगळे 'सिफू' म्हणत. सिफू म्हणजे गुरू, आणि तो शब्द लिहिताना त्यात 'बाप' हे अक्षर येते. गुरू बाई असली तरी सिफूच!

सिफूंनी मला काय शिकवावे? तर उभे राहायला. पाय खांद्याइतके दूर, गुडघे किंचित सैल, हात पुढे गोल, जणू पाण्याचा हंडा कवेत धरला आहे. बस्स, तशी उभी राहा. एक आठवडा गेला, दोन गेले, महिना गेला. बाकीची माणसे डौलात फिरताहेत आणि मी आपली खांबासारखी! मनात आले, आठव्या वर्षापासून ओट्यापाशी उभी आहे, मला उभे राहणे काय शिकवता? आणि मी जायचे बंद केले.

घरी मुलीने मोबाइलवर चोवीस हालचालींचा ताइ ची लावून दिला. १९५६ साली चीनच्या क्रीडाखात्याने सगळ्यांना सोपा पडावा म्हणून तो बसवला. पंधरा दिवसांत मी तो सबंध पाठ केला. आता सांगायला लाज वाटते, पण तोरा मिरवायला म्हणून पुन्हा बागेत गेले आणि सिफूंपुढे पहिल्यापासून शेवटपर्यंत करून दाखवला. त्यांनी नीट पाहिला. मग जवळ आल्या आणि माझ्या खांद्याला एक बोट लावले. ढकलले नाही हो, नुसते लावले. मी दोन पावले कोलमडले.

कोणी हसले नाही. सिफूंनी वाकून माझा डावा गुडघा हातात धरला नि बाहेरच्या अंगाला वळवला. तो आत पडत होता. गुडघा पायाच्या बोटांच्या रोखाने राहिला पाहिजे आणि बोटांच्या पुढे जाता कामा नये, नाहीतर वर्षभरात गुडघेच दुखायला लागतात. मोबाइलमधल्या माणसाचा गुडघा मला दिसत होता, पण माझा गुडघा त्याला कुठे दिसत होता?

त्या दिवसापासून पुन्हा पहिल्यापासून. पाऊल टाकायचे ते आधी रिकामे टाकायचे, टाच टेकवायची, जमीन पक्की आहे ना हे पाहायचे, आणि मगच अंगाचा भार हळूहळू तिकडे न्यायचा. आपण उलटे करतो, भार आधी फेकतो आणि पाय मागून येतो, म्हणून घसरतो. वयस्कर माणसांत ताइ चीने पडण्याचे प्रमाण कमी होते, असे डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितले आहे. मला ते जिन्यानेच सांगितले. किती महिन्यांनी कोण जाणे, पण एके दिवशी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मी खाली उतरले आणि तळाशी पोचल्यावर लक्षात आले की कठडा धरलाच नव्हता.

पुढे सिफूंनी दोघी-दोघींना समोरासमोर उभे करून मनगटाला मनगट लावायला शिकवले. एकीने पुढे रेटायचे, दुसरीने अडवायचे नाही, कंबर वळवून वाट द्यायची, पण स्पर्श सोडायचा नाही. आजोळी आजी आणि मामी जात्यावर दळायला बसत, खुंट्यावर दोघींचे हात, एकीने ढकलले की दुसरीने ओढून घ्यायचे. अगदी तसे. मी अंगातले सगळे बळ लावून सिफूंना रेटले, तर समोर कोणी नाहीच, मीच पुढे झोकांडले!

ही विद्या हेनान प्रांतातल्या चेन नावाच्या घराण्याची. त्यांच्या गावाचे नावही तेच. बाहेरच्याला शिकवत नसत. १७९९ साली जन्मलेला यांग लूचान तिथे गेला आणि भिंतीच्या फटीतून चोरून पाहून शिकला, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीतसुद्धा शेवटी गुरूने त्याला पुढ्यात बोलावून शिकवले, तेव्हाच तो पुरा तयार झाला. पुढे तो पेकिंगला गेला. त्याचा नातू यांग चंगफू याने संथ, ऐसपैस हालचालींची रीत दूरवर नेली. आमच्या सिफू त्याच रीतीच्या. २०२० साली युनेस्कोने ताइ चीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, हे मला मुलीने वाचून दाखवले.

त्या रीतीचे तीन भाग आहेत. तीन वर्षांत माझा पहिलाच पुरा झाला. तिथे विद्यार्थी वेगळा आणि शिष्य वेगळा. शिष्य गुडघे टेकून गुरूला चहा देतो आणि गुरू तो प्यायले की नाते जुळते. मी नुसती विद्यार्थिनी. तरी निघायच्या आदल्या दिवशी थर्मासमधून आपला आले घातलेला, दुधाचा चहा घेऊन गेले. सिफूंनी एक घोट घेतला आणि असे तोंड केले की काय सांगू! पण पेला रिकामा केला. मग मी शेजारणीकरवी विचारले, 'गावी गेल्यावर कोणी म्हटले तर शिकवू का?' सिफू माझ्या पायांकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, 'तुझा गुडघा अजून आत पडतो.'

म्हणून, सेक्रेटरीबाई, वर्ग काही मी काढणार नाही. गुरुवारी सकाळी सहाला मी गच्चीवर असते. ज्यांना यायचे त्यांनी यावे, जोडीने पाच मिनिटे उभ्या राहू. सपाट तळव्याच्या चपला घाला, साडी जरा वर खोचा. आणि एकीने माझ्या डाव्या बाजूला उभे राहून माझ्या गुडघ्यावर लक्ष ठेवावे. तो मला स्वतःला दिसत नाही.