अवजार घेताना : नाव, भाव आणि भरवसा

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर सभासदांसाठी झालेल्या व्याख्यानांपैकी एका भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मागच्या महिन्यात आपल्या बी विंगच्या डॉक्टरीणबाई मधुमेहावर बोलल्या आणि आपल्या सगळ्यांची जिलबी बंद झाली. मी काही बंद करायला सांगणार नाही. उलट थोडी खरेदीच करायला लावणार आहे.

मी सदतीस वर्षं अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला काढली. रिटायर झाल्यापासून तिन्ही विंगमधून मला एकच प्रश्न येतो, "काका, कुठल्या कंपनीचं घेऊ?" तरुण मंडळी तर मोबाईलच पुढे करतात. "काका, शंभर पीसचा सेट आहे, हजाराच्या आत, सोबत पेटी फुकट. घेऊ का?" जिन्यात उभं राहून याचं उत्तर देता येत नाही, म्हणून आज माईक घेतला.

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. जिथे जीवाचा प्रश्न आहे किंवा हाताचा पूर्ण जोर लागतो, तिथे नावाजलेलं अवजार घ्या. बाकी ठिकाणी खुशाल पैसे वाचवा. आणि नाव कुठलंही असो, दुकानात हातात धरून तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

पैसे कशाचे मोजतो?

दोन पाने शेजारी ठेवले, दोन्ही चकचकीत, दोन्हींवर "क्रोम व्हॅनेडियम" लिहिलेलं. एक दीडशेला, एक चारशेला. फरक कुठे आहे? चकाकी वरच्या मुलाम्याची. खरा फरक आत असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

पहिली गोष्ट, पाना घडीव आहे की ओतीव. चांगला पाना तापलेल्या पोलादावर साच्यात घाव घालून घडवतात. दुसरी गोष्ट, पोलादाला पाणी कसं दिलं. आपला गावाकडचा लोहार कुऱ्हाडीला पाणी द्यायचा, तेच काम कारखान्यात मोजून-मापून होतं. पोलाद साधारण साडेआठशे अंशांच्या आसपास तापवायचं, तेलात विझवायचं, म्हणजे ते कडक होतं. पण कडक झालं की ठिसूळही होतं. म्हणून पुन्हा कमी तापमानाला तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा. याला टेंपरिंग म्हणतात.

यात प्रत्येक अवजाराचं माप वेगळं. कानस सगळ्यांत कडक, कारण तिला लोखंड घासायचं असतं. म्हणून ती खाली पडली की काचेसारखी तुटते. स्क्रू ड्रायव्हरचं टोक स्क्रूपेक्षा कडक हवं. पाना थोडा कमी कडक, पण चिवट. हातोडीचा चेहरा कडक आणि आतला भाग चिवट. म्हणूनच हातोडीवर हातोडी कधी मारू नये, कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. मुलांनो, हे लक्षात ठेवा.

स्वस्त मालात बचत बहुतेक वेळा इथेच केलेली असते. पोलादाचं नाव छापायला खर्च येत नाही. भट्टी नीट चालवायला येतो.

नट गोल झाला की

चार वर्षांपूर्वी या गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळत होता, आठवतंय ना? काम घेतलेल्या माणसाकडे एक नवाकोरा, बिननावाचा पाना होता. जोर दिल्यावर त्या पान्याचा जबडा फाकला आणि नटाचे सहाही कोपरे गोल झाले. कोपरे गेले की कुठलाच पाना त्यावर बसत नाही. शेवटी व्हॉल्व्ह कापून काढावा लागला. तिन्ही विंग दिवसभर पाण्याविना, वर टँकर, नवा व्हॉल्व्ह, दोन दिवसांची मजुरी. पान्यात वाचले असतील दोन-अडीचशे रुपये.

त्या माणसाचा हात घसरून भिंतीवर आपटला आणि बोटांची सालं निघाली, हे मात्र कुठल्याच व्हाउचरवर आलं नाही. तेव्हा अवजाराची किंमत काढताना ते ज्या नटाला लागणार आहे त्याची आणि ज्याच्या हातात असणार आहे त्याची, दोघांची किंमत त्यात धरा.

आता नावं घेऊ

पहिलं नाव आपल्या गावचं. टपारियाचा कारखाना आपल्या सातपूरला, त्र्यंबक रोडवर. कंपनी १९६५ची आणि हातअवजारांचं उत्पादन १९६९मध्ये स्वीडनच्या तांत्रिक सहकार्याने सुरू झालं. स्वीडन या धंद्यातला जुना जाणकार. आपण ज्याला स्क्रू पाना म्हणतो, तो आज ज्या रूपात वापरतो त्याचं पेटंट योहान पेटर योहान्सन या स्वीडिश माणसाने १८९२च्या सुमारास घेतलं. मी टपारियात कधी नोकरी केलेली नाही, त्यामुळे हे घरचं कौतुक समजू नका. पण इलेक्ट्रिशियनच्या पिशवीत, गॅरेजमध्ये, लेथच्या शेजारी हे नाव दिसतं, कारण पैशाच्या मानाने माल चोख आणि हार्डवेअरच्या बहुतेक दुकानांत मिळतो. घरासाठी पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, पाने यांत याच्यापुढे जायची गरज मला क्वचितच वाटली.

कानस घ्यायची तर जेके. तिचे कारखाने चिपळूण-रत्नागिरीकडचे. सी विंगच्या कोकणी मंडळींनी हापूसइतकाच तिचा अभिमान धरायला हरकत नाही.

पंजाबात लुधियाना आणि जालंधर ही पान्यांची आणि हातअवजारांची मोठी केंद्रं. तिथे उत्तम माल बनतो आणि परदेशात जातो, बऱ्याचदा दुसऱ्याच्या नावाने. तिथेच अगदी सुमार मालही बनतो. म्हणून नुसतं "पंजाबचा माल" म्हणून घेऊ नका किंवा नाकारूही नका. तपासा.

स्टॅनले अमेरिकन, १८४३ची कंपनी. मोजपट्टी, रंधा, कटर यांत तिचं नाव मोठं. पण आज त्या नावाखाली अनेक देशांत बनलेल्या अनेक दर्जाच्या वस्तू येतात. टेप छान असेल म्हणून त्याच नावाचा स्वस्त सेटही तितकाच छान असेल, असं गृहीत धरू नये.

जर्मनीची क्निपेक्स १८८२पासून मुख्यतः पकडीच बनवते. तिची पाईप धरायची पक्कड हातात घेतली की पैसे कुठे गेले ते कळतं. बटण दाबून माप बदलायचं, पाईपवर बसली की घसरत नाही. पण आपल्याकडच्या चांगल्या पकडीच्या कित्येक पट भाव. जो दिवसातून पन्नास वेळा पक्कड चालवतो त्याला ती परवडते. वर्षातून चार वेळा नळ आवळणाऱ्याला नाही. अमेरिकेच्या स्नॅप-ऑनचंही तसंच. १९२०ची कंपनी, गाडीत माल भरून थेट गॅरेजच्या दारात जाऊन विकते. मेकॅनिकचं पोट ज्यावर आहे, त्यासाठी तो भाव ठीक.

अजून एक गोष्ट, म्हणजे नावाचा अर्थ कळेल. अमेरिकेत सीअर्स या दुकानवाल्यांनी १९२७मध्ये क्राफ्ट्समन हे नाव काढलं. हातअवजार तुटलं तर जन्मभर बदलून देऊ, या वचनावर ते घरोघरी पोचलं. पण सीअर्स स्वतः अवजारं बनवत नव्हते, वेगवेगळ्या कारखान्यांकडून करून घेत होते. २०१७मध्ये हे नाव स्टॅनले ब्लॅक अँड डेकरने विकत घेतलं. म्हणजे पेटीवरचं नाव तेच राहून बनवणारा बदलू शकतो. वडिलांच्या वेळची कंपनी म्हणून डोळे झाकून घेऊ नये, ते एवढ्यासाठी.

दुकानात काय बघायचं?

खिशात एक नट-बोल्ट आणि एक स्टार स्क्रू घेऊन जा. दुकानदार हसेल, हसू द्या.

पाना : ८ मिमी जाडीच्या बोल्टचं डोकं १३ मिमीचं असतं. १३चा पाना त्यावर बसवा आणि हलवा. जरासा खेळ चालेल, खडखड नको.

पक्कड : मिटून उजेडासमोर धरा. टोकं नीट जुळली पाहिजेत. कापायच्या धारेतून उजेड दिसता कामा नये. पातळ कागद त्या धारेने कापून बघा. एका हाताने सहज उघडली पाहिजे, पण सांधा डावी-उजवीकडे डुगडुगता कामा नये.

स्टार स्क्रू ड्रायव्हर : यात १, २, ३ अशी मापं असतात. घरातल्या बहुतेक स्क्रूंना २ नंबर लागतो. लोक १ नंबरने काम करतात, स्क्रूची खाच खातात आणि कंपनीला शिव्या देतात. तिथे कंपनीचा दोष नसतो.

हातोडी : लाकडी दांड्याच्या रेषा लांबीला समांतर हव्यात, आडव्या नकोत. डोकं हलत असेल तर फुकट मिळाली तरी घेऊ नका.

भारतीय मानकाचा नंबर दिसतो का तेही पाहा. पकडीला आयएस ३६५०, स्क्रू ड्रायव्हरला आयएस ८४४, फिक्स पान्याला आयएस २०२८. आणि बिल घ्या. नावाजलेल्या मालाची नक्कल निघते. बिल मागितलं की नक्कल विकणाऱ्याचा चेहरा बदलतो.

विजेच्या कामात तडजोड नाही

हे जरा जोरात सांगतो. पकडीच्या दांड्यावर प्लास्टिक आहे म्हणजे ती विजेसाठी सुरक्षित, असं नाही. पुष्कळदा ते नुसतं पकड चांगली यावी म्हणून असतं. विजेच्या कामाच्या अवजारावर १००० व्होल्ट आणि दोन त्रिकोणांची खूण असते, मानक आयईसी ६०९००. ती नसेल तर त्याला साधी पक्कड समजा. आणि ती असली तरी आधी मेन स्विच बंद.

टेस्टरचंही तसंच. दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, असं धरू नका. टेस्टरच बंद पडलेला असू शकतो. आधी चालू असलेल्या पॉईंटला लावून दिवा लागतो का बघा, मग कामाच्या जागी लावा. पंधरा-वीस रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

कुठे वाचवायचं?

पुट्टीची पाती, रंगाचा ब्रश, ओळंबा, खिळ्यांचे डबे, खुद्द पेटी, यांत स्वस्त घ्या, काही बिघडत नाही. तो शंभर पीसचा सेट? त्यातले साठ-सत्तर स्क्रू ड्रायव्हरचे छोटे बिट असतात, त्यातले पाच वापरात येतात. त्याच पैशात एक चांगली आठ इंची पक्कड, २ नंबरचा स्टार, एक चपटा स्क्रू ड्रायव्हर आणि टेस्टर घ्या. पुढच्या दिवाळीला दहा इंची स्क्रू पाना आणि अर्ध्या किलोची हातोडी. त्याच्या पुढच्या वर्षी ६ ते २२ मिमीचा आठ पान्यांचा सेट. तीन वर्षांत घर भरतं आणि पुढे मुलांना देता येतं.

शेवटी एक मागणी

येत्या वार्षिक सभेत सोसायटीच्या अवजारपेटीचा ठराव येतोय. पंचवीस वर्षांत ही आपली चौथी पेटी. आधीच्या तिन्ही वेळा आपण तीन कोटेशन मागवली आणि सगळ्यांत कमी भावाचं घेतलं. त्यात कमिटीला दोष नाही, हिशेब तपासणारा भावच बघतो. पण या वेळी कोटेशनबरोबर नमुना मागवा. टेबलावर ठेवू, नट-बोल्ट लावून बघू, धार कागदावर चालवू, आणि मग भाव बघू. हे तपासायला मी येतो, त्यासाठी चहासुद्धा नको. बरं, चहा चालेल.

आणि पेटी ऑफिसात कुलपात ठेवू नका. वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा, सोबत वही ठेवा, नेणाऱ्याने सही करायची. रात्री दोनला नळाचा पाईप सुटला की ए विंगच्या आजींना, ज्यांचे दोन्ही मुलगे परदेशात आहेत, कुलपाची किल्ली शोधत बसता येणार नाही. ती पेटी आपल्या वॉचमनच्या आणि अशा आजींच्या कामी येणार आहे. त्यांच्या हातात घसरणारा पाना द्यायचा की नाही, एवढंच आपल्याला त्या सभेत ठरवायचं आहे.

ज्यांना अवजार हातात धरून बघायचंय, त्यांनी रविवारी सकाळी दहाला खाली पार्किंगमध्ये या. माझी पेटी उघडून बसतो. मुलांना जरूर आणा, मुलींनाही आणा. पक्कड कशी धरायची ते दोघांनाही यायला हवं.