रांजणापाशीचे दहा दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी चार शब्द बोला, असा निरोप घेऊन चिटणीसबाई घरी आल्या, तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी काही व्याख्यान देणारी बाई नव्हे. तीस वर्षे शिवणयंत्र चालविले, तेवढेच मला येते." त्यावर त्या म्हणाल्या, "मे महिन्यात दहा दिवस रोज सकाळी लगबगीने कुठे जाता, तेवढेच सांगा." तेव्हा तेवढेच सांगणार आहे. त्यात शहाणपणाचे काही निघाले तर ते त्या दहा दिवसांचे आहे, असे समजावे.

आमच्या चर्चच्या आवारात उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचे शिबिर भरते. मोठी माणसे त्याला सुट्टीतील बायबल शाळा म्हणतात. मुले नुसते 'व्हीबीएस' म्हणून मोकळी होतात. सकाळी साडेसातला घंटा होते आणि साडेदहाला मुले घरी जातात. त्यानंतरचे सोलापूरचे ऊन कसे असते, ते तुम्हांला सांगावयास नको. गाणी, प्रार्थना, बायबलातील एक गोष्ट, कागदकाम, खेळ आणि खाऊ असा रोजचा क्रम. चर्चमधील कुटुंबांची मुले येतात, आणि त्यांचे शेजारचे सवंगडीही आपापल्या आईवडिलांना विचारून येतात. सारी मिळून ऐंशीच्या आसपास मुले होतात.

या शाळांचा उगम मोठा मौजेचा आहे. १८९८ साली न्यूयॉर्क शहरात श्रीमती हॉज नावाच्या एका बाईंनी पाहिले की, उन्हाळ्यात शाळा बंद झाल्या की गरीब वस्तीतील मुले दिवसभर रस्त्यावर भटकतात. त्यांनी जागा शोधली. मिळाली ती कोणती? तर बिअर विकणाऱ्या एका गुत्त्याची! तीच भाड्याने घेऊन बाईंनी तेथे मुलांना गोळा केले. पुढे १९०१ पासून रॉबर्ट बॉव्हिल या पाळकांनी त्या कल्पनेचा प्रसार केला आणि ती देशोदेशी गेली. मुलांचे काम म्हटले की आपल्या सोलापुरालाही ते नवे नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मेरी हार्डिंग यांनी येथे बालवर्ग चालविले, आणि त्यांचे नाव जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे.

हे झाले शिबिराचे. आता मी तेथे कशी गेले, ते सांगते.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या घरचे गेले. आठ दिवसांत सारे आटोपले. त्यानंतर मी चर्चला जात होते, उभी राहून गीते म्हणत होते, चारचौघींत हसतही होते. पण घरी येऊन डोळे मिटले की प्रार्थनेचा एक शब्द येत नसे. राग होता असेही नाही. विहिरीत घागर सोडावी आणि ती कोरड्या तळाला आपटावी, तसे होत असे. हे मी कोणाजवळ बोलले नव्हते. दोन वर्षे अशी गेली.

२०२३ च्या मे महिन्यात पाळकबाई म्हणाल्या, "मावशी, मुलांच्या शिबिरात याल का?" मी म्हटले, "मला गोष्ट सांगवणार नाही, प्रार्थनाही चालवता येणार नाही." त्या म्हणाल्या, "गोष्ट सांगायला पुष्कळ जणी आहेत. पाण्याजवळ बसायला कोणी नाही." अशी मी रांजणावर नेमली गेले.

पाण्याचे काम दिसते लहान. पण त्याला हिशेब लागतो. तीन तासांत एका मुलाला तीन पेले धरा. पेला पाव लिटरचा. ऐंशी मुलांना साठ लिटर झाले. हातपाय धुण्याला आणखी तेवढेच. म्हणजे पंधरा लिटरच्या आठ घागरी. त्या वर्षी आमच्या भागात नळाला पाणी काही दिवसांआड येत असे, म्हणून पाण्याच्या वाराला सारे पिंप भरून ठेवावे लागत. पिण्याचे पाणी गाळून रांजणात. रांजणाभोवती जुन्या सुती लुगड्याचा ओला पट्टा. आपली हवा उन्हाळ्यात कोरडी. मातीतून झिरपलेले पाणी वाऱ्याने उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. म्हणून जो रांजण मुंबईच्या दमट हवेत नुसता बसून राहतो, तोच सोलापुरात पाणी असे गार करतो की दात शिवशिवावेत.

आणखी एक गोष्ट तेथे कामाला आली, ती तुम्हां सर्वांना उपयोगी आहे म्हणून सांगते. उन्हाने थकलेल्या मुलाला द्यावयाचे पाणी असे: एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. परंतु अंग तापले आहे आणि मूल असंबद्ध बोलू लागले किंवा सुस्त पडले, तर सरबत पाजीत बसू नये. सावलीत न्यावे, अंग ओले करावे, वारा घालावा आणि त्वरित दवाखाना गाठावा.

पहिले दोन दिवस मी फक्त पेले मोजले. तिसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आले की मुले पाणी निरनिराळ्या तऱ्हेने मागतात. खेळताना मराठी बोलणारे पोर दमून आले की त्याच्या तोंडून घरची भाषा निघते. कोणी 'नीळ्ळु' म्हणे, कोणी 'नीरु', कोणी 'पानी'. तेलुगू, कानडी, दखनी, मराठी, सारे सोलापूर त्या ओगराळ्यापुढे हात पसरून उभे! मी त्या त्या मुलाला त्याच्याच शब्दाने विचारू लागले. शब्द एकच, पण मुलाचा चेहरा पाहावा! आपल्याला कोणीतरी ऐकले, हे त्याला कळे. आणि मला दिसे की दोन वर्षांत मी कोणाचे इतके लक्ष देऊन ऐकलेच नव्हते. दुःखाने कान भरलेले असतात.

आता एका मुलाविषयी सांगते. वय नऊ-दहा. तो खेळात जात नसे, गाण्यात तोंड उघडीत नसे. रांजणाजवळच्या पायरीवर येऊन बसे. ताई लोक त्याला बोलावून थकल्या. मी काही बोलले नाही. त्याच्या हाती ओगराळे दिले. पाचव्या दिवसापासून पाणी तो वाढू लागला आणि पेले मी विसळू लागले. त्याचेही वडील माझ्या यजमानांच्याच महिन्यात गेले होते, हे मला मागाहून समजले.

सातव्या दिवशी गोष्ट होती ती याइराच्या मुलीची. येशूने तिला उठविले, अशी ती कथा. गोष्ट संपली, मुले पाण्याला आली आणि गेली. मग तो पोरगा माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आज्जी, त्या मुलीचं ऐकलं. माझ्या बाबांचं का नाही ऐकलं?"

भगिनींनो, चर्चमध्ये लहानपणापासून वाढलेली बाई मी. अशा वेळी सांगावयाची वाक्ये मला तोंडपाठ आहेत. लोकांनी तीच मला सांगितली होती आणि त्यांतले एकही माझ्या उपयोगी पडले नव्हते. मी म्हटले, "मला नाही माहीत, बाळा. मीपण हेच विचारते." तो म्हणाला, "कुणाला?" मी म्हटले, "देवालाच." त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "मग आपण दोघं मिळून विचारू." त्याने डोळे मिटले. मला मिटणे भाग पडले. आणि दोन वर्षांनी माझ्या तोंडून पहिली प्रार्थना निघाली, ती प्रश्नाची होती. उत्तर आले असे मी म्हणणार नाही. पण घागर पाण्याला लागली.

त्या दिवसापासून एका जुन्या कथेकडे मी निराळ्या दृष्टीने पाहते. लूकच्या शुभवर्तमानात मार्था आणि मरीया या बहिणींची हकीकत आहे. येशू घरी येतो. मार्था पाहुणचाराच्या धांदलीत असते आणि मरीया त्याच्या पायांशी ऐकत बसते. उपदेशात नेहमी मरीयेची बाजू घेतली जाते, आणि आपण स्वयंपाकघरातल्या बायका मनातून मार्थेची बाजू घेतो! याच तोलाची कथा आपल्या गावच्या मातीत आहे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वर येथे, त्या वेळच्या सोन्नलगीत, लोकांना घेऊन तलाव खोदीत होते. तेथे अल्लमप्रभू आले, आणि बाहेर खोदणाऱ्याने आतही खोदले पाहिजे, अशा अर्थाचा बोध त्यांनी केला, असे शरण परंपरा सांगते. सिद्धरामांनी तो मानला. पण तलाव बुजविला नाही! तो आजही आपल्यापुढे आहे आणि संक्रांतीला आपण साऱ्या त्याच्या काठी जमतो. हात आणि अंतःकरण या दोन वाटा आहेत असे मी समजत होते. रांजणापाशी कळले की हात लक्षपूर्वक चालले, की ते आपोआप अंतःकरणाकडे नेतात. मात्र लक्ष पाहिजे. नुसती धांदल कोठेच नेत नाही.

पुण्याला जाताना दौंडच्या पुढे केडगाव लागते. तेथील मुक्तिसदन पंडिता रमाबाईंचे. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी जिला पंडिता आणि सरस्वती म्हटले, त्या बाईने १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार मुली आणल्या आणि केडगावच्या माळावर त्यांचा संसार मांडला. विहिरी, धान्य, शेती, माग, छापखाना, सारे काही त्यात होते. बायबलाचे मराठी भाषांतरही त्यांनी याच संसारात राहून केले आणि १९२२ मध्ये देह ठेवला. विद्वत्ता एका खोलीत आणि धान्याची कोठी दुसऱ्या, असे त्यांनी केले नाही. आमची शक्ती एका रांजणाएवढी. पण वाट तीच आहे.

कोणी विचारील, यात तुमची वाढ ती काय झाली? मोजून सांगते. पूर्वी माझी प्रार्थना लांब असे आणि तीत मीच बोलत असे. आता ती थोडक्यात असते आणि पुष्कळ वेळ मी गप्प बसते. पूर्वी कोणाच्या घरी दुःख झाले की काय बोलावे याची मला धास्ती वाटे. आता मी जाते, स्वयंपाकघरात शिरते, चहा ठेवते आणि बसून राहते. आणि माझे दुःख? ते हलके झाले नाही. परंतु मोलकरणीला डोक्यावरचा भार टेकवावयाला वाटेत धोंडा सापडावा, तशी त्याला टेकावयाला जागा मिळाली आहे.

तो मुलगा पुढच्या वर्षी आला होता. उंच झाला होता. धावण्याच्या खेळात सर्वांच्या पुढे. रांजणाकडे फक्त पाणी पिण्यापुरता येई, घटाघटा पिई आणि पळे. मला त्याचा फार आनंद वाटला. २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी ओगराळे माझ्याच हाती होते.

शेवटी मंडळाला एक विनंती. उन्हाळ्यात आपल्या शहरात मुलांची पुष्कळ शिबिरे भरतात. कोठे संस्कारवर्ग, कोठे पोहण्याचे वर्ग, कोठे नाट्यशिबिर. शिकविणारे तेथे असतात. पाण्याजवळ, चपलांजवळ, फाटकाजवळ बसणारे कमी पडतात. आपणांपैकी जिचे घर अलीकडे रिकामे झाले आहे, जिचे मन कोठे लागत नाही, तिला व्याख्यानाला बोलावू नका, उपदेश तर मुळीच करू नका. तिला एखाद्या ठिकाणी दहा दिवसांचे लहानसे काम द्या. रोजचे आणि मोजता येण्याजोगे. तिची मुले, तिचा देव, तिची भाषा कोणतीही असो. पुढचे काम ते कामच करील.