सातपुड्याची छोटी गाडी

आमच्या इटियाडोहकडे गाढवी नदीवरचे धरण १९७० साली पुरे झाले. रूळ मात्र त्याच्या कितीतरी आधीचे. अर्जुनी-मोरगावच्या स्टेशनवर बंडीने जायचे, तिथून गोंदिया गाठायचे, आणि गोंदियाला गाडी बदलायची, की सातपुडा चढायला सुरुवात. आज मी बोलणार आहे ते त्या पलीकडच्या गाडीबद्दल.

गोंदियाहून बालाघाट, नैनपूर, घनसौर करीत जबलपूरला जाणारा हा रस्ता बंगाल-नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या पहिल्याच वर्षांत बांधला. लांबी सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. दोन रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट. मोठ्या मार्गावर ते साडेपाच फूट असते. लोक हिला 'छोटी लाईन' म्हणत. हा काही कंजूषपणा नव्हता. अरुंद रूळ डोंगराच्या कुशीतून झटकन वळतो. त्याला खडक कमी फोडावा लागतो, भराव कमी घालावा लागतो, पूलही हलका चालतो. म्हणून तर साग-बांबूच्या त्या रानात आगगाडी इतक्या लवकर पोचली.

या मार्गावर 'सातपुडा एक्सप्रेस' नावाची गाडी धावे. नाव एक्सप्रेस, पण चढावर इंजिन धापा टाकू लागले म्हणजे डब्यातली पोरे हसत. मोजक्याच स्टेशनांवर थांबायची, हाच तिचा मोठेपणा!

माझा तिच्याशी पहिला संबंध आला तो आजोबांच्या अस्थी घेऊन जाताना. अस्थी आजीच्या मांडीवर होत्या. दिवसभर ती एक शब्द बोलली नाही. संध्याकाळी ग्वारीघाटला नर्मदेचा पूल आला, तेव्हा तिने पदर सावरला आणि एवढेच म्हणाली, "पोचवलं रे बाबा गाडीनं." गाडी उशिरा पोचली होती, पण आजीने वेळ विचारलीच नाही.

असे असले तरी, श्रोतेहो, जुन्या गोष्टीचे कौतुक करताना तिची अडचण विसरू नये. छोट्या डब्यातला माल गोंदियाला उतरवायचा, पुन्हा मोठ्या डब्यात भरायचा, असा दुहेरी खटाटोप होता. धानाच्या व्यापाऱ्याला तो महाग पडे. आजाऱ्याला घेऊन निघालेल्या माणसाला तर तो जिवावर येई. म्हणून १९९६-९७ साली रुंदीकरणाला मंजुरी मिळाली. वाटेत कान्हा आणि पेंच यांच्यामधले वाघांच्या येण्याजाण्याचे रान; तिथली परवानगी मिळता मिळता वर्षे गेली. २०१५ साली जबलपूरची छोटी गाडी थांबली, आणि २०२१ पासून गोंदिया-जबलपूर मार्गावर मोठ्या गाड्या धावू लागल्या.

आता प्रश्न उरतो तो थांब्याचा. लांबून येणारी वेगवान गाडी लहान स्टेशनाकडे न पाहता निघून जाते, आणि फलाटावर उभा असलेला माणूस धूळ झटकीत राहतो. जपानात नागोयाहून डोंगरात शिरून ताकायामाला जाणारी 'हिदा' नावाची गाडी १९६८ पासून याच वर्गाची एक्सप्रेस म्हणून चालते. तिथले रूळही साडेतीन फुटांचेच आहेत. डबे नवे आले, इंजिने बदलली. पण गरम झऱ्यांच्या गेरोसारख्या लहान गावी ती आजही थांबते. म्हणजे वेग आणि गाव यांचे वैर असलेच पाहिजे, असे नाही.

नागपुरात मोतीबागेच्या संग्रहालयात छोट्या लाईनची इंजिने जपून ठेवली आहेत. मुलांना जरूर दाखवा. पण तिची खरी आठवण ठेवायची असेल, तर एक करावे. वेळापत्रक छापताना, मांडीवर गाठोडे घेऊन रानातल्या स्टेशनावर बसलेल्या एखाद्या आजीला विसरू नये. तिच्यासाठी दोन मिनिटे गाडी थांबली, तर सातपुडा काही कुठे पळून जात नाही.