नोंदवहीतले नाव : सुईण ते नोंदणीकृत मिडवाइफ



आजचा आमचा विषय ऐकून काहींना आश्चर्य वाटले असेल. बौद्ध समाजाच्या व्यासपीठावर बाळंतपणाचा विषय कशाला, असेही कोणाच्या मनात आले असेल. त्यांना आम्ही दोनच गोष्टींची आठवण करून देतो. सिद्धार्थाला जन्म दिल्यानंतर अवघ्या सात दिवसांत महामायेचे निधन झाले आणि महाप्रजापती गौतमीने त्याचे संगोपन केले, असे परंपरा सांगते. दुसरी गोष्ट मज्झिम निकायातील अंगुलिमाल सुत्तातली. भिक्षू झालेल्या अंगुलिमालाला भिक्षाटनाच्या वेळी प्रसूतीत अडलेली एक स्त्री दिसली. तिची वेदना पाहून तो कळवळला आणि बुद्धांकडे आला. तथागतांनी त्याला त्या स्त्रीकडे परत पाठवले. श्रीलंका, थायलंड या देशांत गर्भवतीसाठी अंगुलिमाल परित्त आजही म्हटले जाते. अडलेल्या बाईपाशी जाणे हे धम्माचे काम आहे, हे त्या सुत्तातच आहे.

आता आपल्या इतिहासाकडे वळू. आपल्या खेड्यांत बाळंतपणे कोण करीत असे? बहुतेक गावांत मांग, महार आणि अशाच श्रमकरी जातींतल्या बायका. त्यांना सुईण म्हणत. अर्ध्या रात्री हाक आली की कंदील घेऊन निघायचे, नाळ कापायची, वार पुरायची, बाळंतिणीला न्हाऊ घालायचे. मोबदला काय? पायलीभर धान्य, एखादे जुने लुगडे, नारळ. ज्या हातांनी घराचा वंश वाढवला त्या हातांचा विटाळ दुसऱ्या दिवशी मात्र होत असे. आणि आपल्या स्वतःच्या बायकांची स्थिती? महात्मा फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुक्ताबाईने १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त जो निबंध लिहिला, त्यात मांग-महारांच्या स्त्रिया डोक्यावर छप्पर नसताना कशा बाळंत होतात याची व्यथा तिने मांडली आहे. पुढे १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि समाजाने टाकलेल्या विधवांना सुखरूप बाळंत होण्याची जागा दिली.

येथे एक आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. आपल्यातले वडीलधारे विचारतात, “बाबासाहेबांनी गावकीची कामे सोडायला सांगितली. मग आपल्या मुलींनी पुन्हा दुसऱ्यांची बाळंतपणे करायची का?” हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु सुईणपण हीन का ठरले, हे नीट पाहिले पाहिजे. काम हीन नव्हते. ते जन्माने लादलेले होते, त्याला ठरलेले वेतन नव्हते, त्याचे शिक्षण नव्हते आणि ते करणारीचे नाव कोठेही लिहिलेले नव्हते. चूक झाली तर दोष तिचा, जीव वाचला तर पुण्याई यजमानाची. बाबासाहेबांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाळंतपणापूर्वीच्या आणि नंतरच्या विश्रांतीचा प्रश्न राष्ट्रहिताचा म्हणून मांडला. १९२९ मध्ये तो कायदा झाला. बाळंतपणाकडे त्यांनी हक्काचा विषय म्हणून पाहिले. तेव्हा लादलेले सुईणपण आणि शिकून, परीक्षा देऊन, कायद्याने मिळवलेले मिडवाइफचे पद यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात नाव नव्हते. दुसऱ्यात नाव आहे, आणि ते नोंदवहीत आहे.

ही नोंदवही आली कोठून? इंग्लंडमध्ये १९०२ साली मिडवाइव्ह्ज अ‍ॅक्ट झाला. तोपर्यंत तेथेही कोणीही बाई बाळंतपणे करी. कायद्याने मध्यवर्ती मंडळ नेमले, नोंदवही उघडली आणि १९१० पासून प्रमाणपत्र नसलेल्या बाईला पैसे घेऊन नित्य हा व्यवसाय करण्यास मनाई झाली. आपल्याकडे मुंबई इलाख्यात १९३५ साली परिचारिका, सुईणी व आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा झाला. देशपातळीवर भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ साली आणि महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ साली झाला. या अधिनियमाखालील महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदवही हीच आपल्या मुलींच्या कामाची. पुढे २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व मिडवाइफरी आयोगाचा कायदा मंजूर केला. त्याच्या नावातच मिडवाइफरी हा शब्द स्वतंत्र आला आहे, हे लक्षात ठेवा. त्याचे महत्त्व पुढे कळेल.

विद्यार्थिनींनो, आता तुमच्या कामाचे. बारावीनंतर तीन दारे आहेत. पहिले ए.एन.एम., म्हणजे दोन वर्षांचा अभ्यासक्रम. कला शाखेच्या मुलीलाही हे दार उघडे आहे. उपकेंद्रात दिसणाऱ्या सिस्टर बहुधा याच दारातून आलेल्या असतात. दुसरे जी.एन.एम., तीन वर्षांचे. तिसरे बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षांचे. त्याला मात्र बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे. जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. पूर्ण करून परिषदेकडे नोंदणी केली की नावापुढे दोन पदे लागतात : नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत मिडवाइफ. ही नोंदणी एकदा केली की झाले, असे नाही. दर पाच वर्षांनी नूतनीकरण असते आणि त्यासाठी चालू शिक्षणाचे तास भरावे लागतात. नोंदणी नसताना किंवा मुदत संपली असताना केलेली नोकरी म्हणजे पायाखाली जमीन नसणे.

गाठ येते ती येथेच, आणि पुष्कळ मुलींना ती फार उशिरा कळते. आपल्याकडे मिडवाइफचे पद परिचारिकेच्या पदात विरघळलेले आहे. तीन-चार वर्षांच्या अभ्यासात प्रसूतिविद्या हा एक भाग असतो. परंतु मिडवाइफांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचे प्रमाण वेगळे आहे. थेट मिडवाइफ होणारीला किमान तीन वर्षे आणि आधी परिचारिका असणारीला वर किमान अठरा महिने, केवळ मिडवाइफरीचे शिक्षण. म्हणून आपल्या प्रमाणपत्रावर ‘मिडवाइफ’ छापलेले असले, तरी परदेशात त्या एका शब्दावर मिडवाइफ म्हणून दार उघडेलच, असे समजू नये. परदेशी जाणाऱ्या आपल्या बहुतेक मुली तेथे परिचारिकांच्या नोंदवहीत शिरतात.

ही उणीव आपल्या सरकारच्याही ध्यानात आली. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मिडवाइफरी सेवांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ असे नवे पद आहे. जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. झालेल्या, प्रसूतीचा दोन वर्षांचा अनुभव असलेल्या परिचारिकेला अठरा महिन्यांचे प्रशिक्षण. हे अठरा महिने कोठून आले, ते आता तुमच्या लक्षात आले असेल. ज्या मुलीला खरोखर प्रसूतिविद्येतच आयुष्य काढायचे आहे, तिने हे पद डोळ्यांसमोर ठेवावे.

परदेशाचे उदाहरण म्हणून आम्ही ब्रिटन घेतो. तेथे नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल, म्हणजे एन.एम.सी., ही संस्था नोंदवही ठेवते. त्या वहीत परिचारिका आणि मिडवाइफ यांचे भाग वेगळे. एका भागात नाव आहे म्हणून दुसऱ्या भागातले काम करता येत नाही. तेथे ‘मिडवाइफ’ या पदनामाला कायद्याचे संरक्षण आहे, आणि अचानक ओढवलेला प्रसंग सोडला तर नोंदणीकृत मिडवाइफ किंवा डॉक्टर यांच्याशिवाय कोणी प्रसूती करणे हा गुन्हा आहे. तेथे शिकणाऱ्या मुलीला पदवी मिळेपर्यंत साधारण चाळीस प्रसूती स्वतःच्या हातांनी कराव्या लागतात.

बाहेर शिकून आलेल्या मिडवाइफला तेथे काय करावे लागते? प्रथम, मिडवाइफरीचे शिक्षण आणि आपल्या देशातील नोंदणी यांचा पुरावा. ती पडताळणी परिषदेकडून थेट जाते, आपल्या हातची झेरॉक्स चालत नाही. दुसरे, इंग्रजी. आय.ई.एल.टी.एस.च्या अ‍ॅकॅडमिक परीक्षेत एकूण ७, लेखनात किमान ६.५. किंवा ओ.ई.टी.मध्ये बी श्रेणी, लेखनात सी प्लस चालते. तिसरे, संगणकावरची परीक्षा, जी भारतातील केंद्रावर देता येते. तिच्यात औषधांच्या मात्रांचे गणित असते आणि व्यवसायाचे ज्ञानही. चौथे, प्रात्यक्षिक परीक्षा, तीही प्रत्यक्ष ब्रिटनमध्ये जाऊन. मिडवाइफचा पेपर वेगळा, परिचारिकेचा वेगळा. शिवाय आरोग्य आणि चारित्र्याचे दाखले.

न्यूझीलंडने तर एक पाऊल पुढे टाकले. १९९० च्या कायद्याने तेथील मिडवाइफला डॉक्टरच्या देखरेखीशिवाय गर्भारपणापासून बाळंतपणापर्यंतची जबाबदारी घेण्याचा हक्क मिळाला, आणि २००३ च्या कायद्याने मिडवाइफांची परिषदच परिचारिकांपासून वेगळी झाली. अर्थात तेथे अर्ज करणारीने कोणत्या परिषदेकडे जायचे, हे आधीच ठरवले पाहिजे. उलट दिशेचेही तसेच. परदेशात शिकून आपल्याकडे येणारीला थेट नाव घालता येत नाही. तिची पात्रता समतुल्य आहे हे आधी ठरवून घ्यावे लागते. प्रत्येक देश आपली वही जपतो, आणि ते योग्यच आहे. त्या वहीच्या मागे बाळंतिणीचा जीव असतो.

आता पैशाविषयी. बँकेच्या खिडकीमागे बसून आम्ही जे रोज पाहतो, तेवढेच सांगतो. शैक्षणिक कर्जाचा अर्ज आला की पहिला प्रश्न असतो : संस्था मान्यताप्राप्त आहे का? हा प्रश्न बँकेने विचारण्याआधी पालकांनी विचारावा. मान्यता नसलेल्या संस्थेत तीन वर्षे घालवली, तर कर्जही मिळत नाही आणि नोंदणीही होत नाही. २०१५ च्या कर्ज हमी योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण किंवा तिऱ्हाइताचा जामीन लागत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिला उत्पन्नाची मर्यादा आहे, तेव्हा उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला प्रवेशाच्या धावपळीत काढू नका, आधीच काढून ठेवा.

दुसरी गोष्ट नावाची. शाळेच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरे, लग्नानंतर तिसरे, पासपोर्टवर चौथे! मायदेशात हे कसेबसे निभावते, परदेशी परिषदेपुढे अर्ज तेथेच अडतो. नाव बदलले असेल तर राजपत्रातली नोंद आणि विवाह नोंदणीचा दाखला जपून ठेवा.

तिसरी गोष्ट दलालांची. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही ताब्यात देऊ नका. भरती करणारा सरकारकडे नोंदलेला आहे का, ते पाहा. ब्रिटनच्या भरती आचारसंहितेप्रमाणे नोकरी मिळवून देण्याबद्दल उमेदवाराकडून शुल्क घेता येत नाही. तेव्हा ‘मिडवाइफची नोकरी हमखास’ म्हणून कोणी लाखो रुपये मागितले, तर आईचे मंगळसूत्र गहाण टाकण्याआधी आमच्यासारख्या चार जणांना विचारा.

काही जण म्हणतील, म्हणजे शिकायचे ते परदेशी जाण्यासाठीच का? मुळीच नाही. २०१८-२० च्या नोंदणी सर्वेक्षणानुसार भारतात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. महाराष्ट्राचा आकडा देशाच्या तुलनेत चांगला आहे, परंतु त्या ३३ जणींमध्ये पाड्यावरची, तांड्यावरची आणि ऊसतोडीच्या फडावरची बाई किती, हा विचार आपण करायला हवा. जगाची गरजही मोठी आहे. २०२१ च्या जागतिक अहवालात सुमारे नऊ लाख मिडवाइफ कमी असल्याचे म्हटले होते. तेव्हा शिकलेल्या मुलीला काम मिळेल, इथेही आणि बाहेरही. कोठे राहायचे ते तिने ठरवावे. ठरवण्याचा अधिकार तिच्या हाती येणे, हेच तिच्या आजीच्या आणि तिच्यामधले अंतर आहे.

संस्थेला आमची एक विनंती आहे. विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक तास ठरवावा. मान्यताप्राप्त संस्थांची यादी, शिष्यवृत्तीचे अर्ज, इंग्रजीची तयारी एवढे तेथे मिळावे. आपल्या समाजातल्या सेवेत असलेल्या आणि निवृत्त झालेल्या परिचारिका भगिनींनी आळीपाळीने बसावे. खर्च फारसा नाही, एक टेबल आणि एक वही. त्या वहीत आजच पहिली दोन-चार नावे पडली, तर आजच्या या बोलण्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.

 जयभीम! नमो बुद्धाय!