पाटी न लागणारी देणगी

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेले भाषण)

आदरणीय सर, बाई आणि १९९४ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. ‘कॅन्सरवर बोल, पण जेवणानंतरचं सत्र आहे, फार घाबरवू नकोस,’ असं बजावलंही आहे. मी डॉक्टर नाही. पुण्यात सॉफ्टवेअर लिहिते, आणि बरीच वर्षं रुग्णालयांच्या नोंदींच्या प्रणालीवर काम करते. त्यामुळे मी औषधांबद्दल कमी आणि पैसा व नोंदी यांबद्दल जास्त बोलेन. शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे. ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर ‘फसवलंस’ म्हणू नका.

सकाळी हजेरी घेतली तेव्हा मुलींच्या ओळीतलं एक नाव आलं आणि सगळे गप्प झाले. ती चाळिशीच्या आत गेली. गर्भाशयमुखाचा कॅन्सर, म्हणजे आपल्याकडे बायका ज्याला ‘पिशवीच्या तोंडाचा’ म्हणतात तो. अंगावरून जात होतं. घरातली लग्नं, दिवाळी, मुलाची परीक्षा असं करत तिनं वर्षभर अंगावर काढलं. दवाखान्यात पोहोचली तेव्हा उशीर झाला होता. हा आजार पोटात एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग झाल्यापासून कॅन्सर होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षं जातात. तो संसर्ग बहुतेकींना आयुष्यात कधी ना कधी होतो आणि आपोआप जातोही. त्यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही, हे सरांसमोर, बाईंसमोर मुद्दाम मोठ्यानं सांगते. थोड्याजणींत तो टिकून राहतो, आणि पुढे त्रास देतो. मधली दहा-पंधरा वर्षं ही आपल्याला मिळालेली मुदत असते.

ती मुदत कशी वापरायची, हे जगाला कुठून कळलं? आपल्या जिल्ह्यातून. ही गोष्ट मला नोकरीत एका परदेशी सहकाऱ्यानं सांगितली. त्याला ‘उस्मानाबाद’ हे नाव माहीत होतं आणि त्यामागचं कारण मला माहीत नव्हतं!

गोष्ट सुरू होते शेजारी, भगवंताच्या बार्शीत. तिथं नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे. डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या देणग्यांवर ते वाढवलं. १९८७ मध्ये तिथं भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतली ३४६ गावं त्यात होती. शहरात अशी नोंदणी रुग्णालयाच्या कागदांवरून करता येते. खेड्यात रुग्ण दवाखान्यात जातच नव्हता, मग कागद कुठून येणार? म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव फिरली. सरपंच, शिक्षक, सुईण, म्हातारी माणसं यांच्याशी बोलायचं, कुणाला कसला त्रास आहे विचारायचं, लक्षणं समजावून सांगायची आणि रुग्णाला बार्शीला आणायचं. डॉ. कस्तुरी जयंत यांनी या कामाला शास्त्रीय शिस्त लावली. नोंदी जमल्या तेव्हा दिसलं की, या भागातल्या बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर गर्भाशयमुखाचा आहे. आणखी एक गोष्ट दिसली. नुसतं बोलत राहिल्यानंसुद्धा बायका लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. यादी करणं सोपं, ती खरी ठेवणं अवघड. एकाच बाईचं माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, दवाखान्यातल्या केसपेपरवर तिसरंच. तिला दोनदा मोजलं तरी चूक, सुटली तरी चूक. आज संगणकाच्या मदतीनंही आम्ही या कामात मेटाकुटीला येतो. त्या काळी ते वही, पेन आणि पायपीट यांवर चाललं होतं.

या वह्या होत्या म्हणून पुढचं मोठं काम इथं होऊ शकलं. १९९९ च्या सुमारास बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधल्या ल्यों शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था एकत्र आल्या. ल्योंच्या बाजूनं डॉ. शंकरनारायणन होते. पैसा गेट्स फाउंडेशनच्या देणगीतून आला. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया यात होत्या. गावांचे ५२ गट केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार भागांत वाटले. एका भागात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं द्रावण लावून डोळ्यांनी पाहणं, आणि चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा. तपासणी एकदाच, पण नंतर आठ वर्षं प्रत्येकीचा माग ठेवला.

तेव्हा आपल्या आया चाळिशीत होत्या. माझ्या आईला ‘त्या तपासणीवाल्या बाया’ अजून आठवतात. ती आधी नको म्हणाली होती, मग शेजारीण गेली म्हणून गेली. तुम्हीही घरी गेल्यावर विचारून बघा.

निकाल २००९ मध्ये जाहीर झाला. एचपीव्ही चाचणीच्या भागात ३४,१२६ स्त्रिया होत्या. त्यांत या कॅन्सरनं ३४ मृत्यू झाले. चौथ्या भागात ३१,४८८ स्त्रिया होत्या. तिथं ६४. पुढच्या टप्प्याला गेलेले कॅन्सर पहिल्यात ३९, चौथ्यात ८२. म्हणजे आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. बाकीच्या दोन पद्धतींत एका फेरीत तसा फरक दिसला नाही. मात्र मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटाच्याच दुसऱ्या अभ्यासात द्रावणाची तपासणी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणून सरकारी दवाखान्यात ती तपासणी होत असेल, तर टाळू नका.

आता त्या ६४ जणींबद्दल. तुलनेसाठी एका भागाला तपासणी न देणं योग्य होतं का, यावर पुढे बराच वाद झाला. तेव्हा देशात अशी तपासणी नियमित होतच नव्हती, हे एका बाजूचं म्हणणं. माहीत असलेला उपाय रोखून धरायचा नसतो, हे दुसऱ्या बाजूचं. या वादाचा निकाल लावणारी मी कोण? पण एक नक्की म्हणेन. जे ज्ञान या बायकांच्या जिवावर मिळालं, ते वापरायचं नाही, ही त्यांच्याशी दुसऱ्यांदा केलेली बेइमानी आहे. आणि आपण तेच करतो आहोत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या होत्या फक्त १.९ टक्के.

लसीचंही तसंच. २००९ मध्ये बार्शी, पुण्यासह देशात अनेक ठिकाणी मुलींना लसीचे दोन की तीन डोस पुरेत, हे पाहायला सुरुवात झाली. २०१० मध्ये सरकारनं अशा चाचण्या थांबवल्या आणि काही हजार मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्या मुलींना वाऱ्यावर सोडलं नाही, वर्षानुवर्षं त्यांचा पाठपुरावा केला. २०२१ मध्ये दिसलं की, एक डोसही त्या विषाणूच्या सर्वांत घातक दोन प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून ९५ टक्के संरक्षण देतो. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं ९ ते २० वयाच्या मुलींसाठी एक डोसही चालेल असं सांगितलं. आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लसही बाजारात आहे.

या सगळ्यात दात्यांचा पैसा कशावर खर्च झाला, ते बघा. गाडीचं डिझेल, आरोग्यसेविकांचे पगार, चाचणीचे संच, वह्या, आणि आठ-दहा वर्षं त्याच दारात पुन्हा पुन्हा जाणं. यातल्या कशावरही देणाऱ्याच्या नावाची पाटी लावता येत नाही. आपण दहावीत होतो तेव्हा किल्लारीचा भूकंप झाला. व्हरांड्यात आपण धान्य आणि चादरींचे ढीग लावले होते. ती मदत गरजेची होती आणि डोळ्यांना दिसतही होती. कॅन्सर मात्र गावागणिक एकेक घर गाठतो. त्याचा ढीग कुठंच दिसत नाही, म्हणून त्याच्यासाठी वर्गणीही निघत नाही. निघाली तर यंत्रासाठी किंवा इमारतीसाठी.

आता मागणं. शाळेच्या कमानीसाठी आपण चार लाख साठ हजार रुपये जमवले आहेत. कमान मलाही हवी आहे. ती दोन वर्षं पुढे ढकलू या. या रकमेतून दोन कामं करू या: आपल्या शाळेतल्या मुलींना पालकांच्या संमतीनं लस, आणि त्यांच्या तिशी ओलांडलेल्या आयांची एचपीव्ही चाचणी. पैसे पुरतील तेवढ्यांपासून सुरुवात.

माझ्या अटी तीन. एक, हे काम आपण स्वतः करायचं नाही, या कामात मुरलेल्या रुग्णालयाला जोडून घ्यायचं. दोन, एक दिवसाचं शिबिर, फलक आणि फोटो, असं नाही. जिच्या चाचणीत दोष निघेल ती उपचार पूर्ण करेपर्यंत तिच्यामागे कुणीतरी असलं पाहिजे. उपचाराची सोय न करता चाचणी करणं म्हणजे बाईला नुसती धास्ती देणं. तीन, नोंद. ती मी फुकट ठेवीन, नावं गुप्त राहतील आणि खर्चाचा हिशोब दरवर्षी या गटापुढे मांडीन.

बाई, तुमच्याकडेही एक विनंती. पालकसभेत आम्ही इंजिनिअर बोललो तर लोक ऐकून घेतील. तुम्ही बोललात तर ते मुलींना घेऊन येतील. तुम्ही शिकवलेल्या मुलीच आता त्या आया आहेत.

आणि इथं बसलेल्या माझ्या मैत्रिणींनो, आपण सगळ्या चाळिशीच्या पुढे आहोत. नवऱ्याचं ब्लडप्रेशर, सासूबाईंची साखर, मुलांचे दात, सगळ्यांच्या तारखा आपल्याला पाठ असतात. स्वतःची तपासणी कधी केली, ते जरा आठवा. आठवत नसेल तर मागच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. तिच्यात नाव आणि फोन नंबर लिहा. पहिलं नाव मी सकाळीच लिहिलं आहे.