ताण दाखवणारा लेप



पोलादाचा पत्रा ओढला तर त्यातला ताण डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो तडा, आणि तोवर उशीर झालेला असतो. पत्र्याला गोल भोक असेल, तर भोकाच्या काठावर ताण जवळजवळ तिप्पट होतो. किर्श या जर्मन अभियंत्याने १८९८ मध्ये हे गणिताने दाखवलं. पण विमानाची चाकं पेलणारा सांगाडा घ्या. त्यात वळणं, खाचा, भोकं. तिथे कागदावरचं गणित थकतं, आणि स्ट्रेन गेज हे ताण मोजणारं छोटं साधन जिथे चिकटवाल तिथलंच सांगतं.

यावर पारदर्शक प्लास्टिकच्या लेपाचा कामाचा उपाय फेलिक्स झँडमन यांनी १९५० च्या दशकात फ्रान्समध्ये घडवला. हा माणूस तेव्हाच्या पोलंडमधल्या ग्रोड्नो शहरचा ज्यू. नाझींपासून लपून तो सतरा महिने एका कुटुंबाच्या घराखालच्या खड्ड्यात राहिला. तिथे अंधारात, कागद-पेन्सिलीशिवाय, त्याच्या मामाने त्याला गणित शिकवलं. पुढे पॅरिसला डॉक्टरेट, आणि १९६२ मध्ये अमेरिकेत विशे ही कंपनी. मला या शोधाइतकाच तो खड्ड्यातला वर्ग मोठा वाटतो.

पद्धत अशी. इपॉक्सी राळ सपाट साच्यात ओतायची. ती अर्धवट घट्ट झाली, की मऊ चामड्यासारखी वाकते. तेव्हाच ती यंत्राच्या भागावर हाताने नीट बसवायची, पूर्ण कडक होऊ द्यायची, आणि मग सोडवून चकाकणाऱ्या गोंदाने त्याच भागावर चिकटवायची. भागावर भार आला की लेपही त्याच्याबरोबर ताणला जातो. ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, प्रकाश लेपातून आत जातो, चकाकत्या थरावरून परततो, आणि पोलरायझर या प्रकाश-गाळणीतून पाहिल्यावर रंगांचे पट्टे दिसतात. जिथे पट्टे दाटीने जमतात, तिथे ताण झपाट्याने बदलतो आहे. अभियंता तिथेच आधी लक्ष घालतो. संपूर्ण पृष्ठभाग एका नजरेत वाचता येणं, हे या लेपाचं खरं बळ आहे.

पोलरायझरही लागू नये, असे प्रयत्न आता चालू आहेत. २००९ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात स्पायरोपायरन नावाचा रेणू प्लास्टिकमध्ये गुंफला गेला. ते प्लास्टिक ताणलं की तुटण्याआधी लाल होतं.

विज्ञान शिकवणाऱ्यांना एक विनंती. संगणकाच्या एलसीडी पडद्यावर पांढरं पान उघडा, त्यापुढे पारदर्शक प्लास्टिकची पट्टी धरा, आणि पोलराइज्ड गॉगल फिरवत मुलांना पाहू द्या. साच्यातून निघतानाच पट्टीत अडकलेला ताण त्यांना रंगांत दिसेल.